पोलादाला हायड्रोजन पेलेल का?

हरित हायड्रोजनवरची आपल्याकडची चर्चा सहसा दोन आकड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. किलोमागे खर्च किती, आणि २०३० पर्यंत उत्पादन किती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाठोपाठ जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह राज्याचे धोरण मंजूर केले. सौरऊर्जा, इलेक्ट्रोलायझर, अनुदाने यांवर भरपूर लिहिले गेले. मात्र तयार झालेला हा वायू साठवायचा कशात आणि न्यायचा कशातून, हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो.

उत्तर वरकरणी सोपे आहे. वायू मोठ्या प्रमाणावर हाताळायचा तर नळ, टाक्या, झडपा, कॉम्प्रेसर आणि हे सगळे एकत्र धरून ठेवणारे बोल्ट लागणार, आणि त्यातले बरेचसे पोलादाचेच असणार. अडचण अशी की हायड्रोजन आणि पोलाद यांचे पटत नाही. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. हे ठिसूळपण टाळता येते का, याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ गेल्या काही वर्षांत पोलादाच्या पोटातल्या अतिशय बारीक कणांपर्यंत पोहोचले आहेत. या कणांना कार्बाइड म्हणतात. ते काही नॅनोमीटर आकाराचे असतात. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. हायड्रोजनवर आधारलेल्या अर्थव्यवस्थेच्या सुरक्षिततेचा बराचसा भार या कणांवर आहे, म्हणून ते दिसणे, मोजता येणे आणि हवे तसे घडवता येणे महत्त्वाचे आहे.

जुने वैर

हायड्रोजनमुळे लोखंड ठिसूळ होते हे नवे ज्ञान नाही. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याबद्दलचा निबंध मांडला. लोखंडाची तार थोडा वेळ आम्लात बुडवली की ती सहज तुटते, हे त्यांनी दाखवले. बुडवण्यापूर्वी हीच तार अनेकदा वाकवूनही टिकत असे. नुकत्याच तुटलेल्या टोकाला ओलावा लावला की त्यातून बुडबुडे येत. विशेष म्हणजे तीच तार काही दिवस नुसती ठेवून दिली की तिचा चिवटपणा परत येई. म्हणजे आम्लाशी झालेल्या क्रियेतून सुटलेला हायड्रोजन तारेत शिरत होता, आणि सवड मिळाली की बाहेरही पडत होता.

हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू. वायुरूपात त्याचे दोन अणू जोडीने राहतात आणि ही जोडी धातूत शिरू शकत नाही. पण पोलादाच्या पृष्ठभागावर ती फुटते आणि सुटे अणू आत घुसतात. लोखंडाच्या अणूंची रचना त्यांना अडवत नाही. शुद्ध लोखंडात साध्या तापमानालाही हायड्रोजनचा अणू एक मिलिमीटर अंतर काही मिनिटांत कापतो. जिथे ताण जास्त, तिथे तो जमा होतो. भेगेच्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो, म्हणून तिथे गर्दी होते. तिथे पोचल्यावर तो नेमके काय करतो यावर अजून वाद आहे. तो लोखंडाच्या अणूंमधला बंध कमकुवत करतो, असे एक मत. तो तेवढ्याच जागेत धातूचे थर सहज सरकू देतो आणि नुकसान एकवटते, असे दुसरे मत. परिणाम मात्र निश्चित आहे. जे पोलाद वाकून, ताणून, आधी इशारा देऊन तुटायला हवे, ते अचानक तडकते. आणि यासाठी फार हायड्रोजन लागत नाही. अतिमजबूत पोलादात वजनाच्या दहा लाख भागांत एखादा भागही पुरेसा ठरतो.

पोलाद जितके मजबूत, तितका हा धोका जास्त. अभियंत्यांसाठी हीच मोठी पंचाईत आहे. मजबूत पोलाद वापरले की वजन आणि खर्च वाचतो, पण हायड्रोजनपुढे तेच आधी हार मानते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या पुलाचा नवा भाग बांधला जात असताना मार्च २०१३ मध्ये याचा प्रत्यय आला. भूकंपाच्या वेळी पुलाला आधार देणारे तीन इंच व्यासाचे ९६ दांडे आवळण्यात आले आणि काही दिवसांतच त्यांतले ३२ तुटले. ते कठीण, जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद होते आणि बसवल्यानंतर त्यांच्याभोवती पाणी साचून राहिले होते. निदान निघाले हायड्रोजनमुळे आलेल्या ठिसूळपणाचे. तुटलेले दांडे काढणे शक्य नसल्याने त्यांचे काम करण्यासाठी वेगळी पोलादी खोगिरासारखी रचना उभारावी लागली. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या लेडनहॉल इमारतीचे काही मोठे बोल्ट तुटले. कोणाला इजा झाली नाही, पण कारण पुन्हा तेच निघाले. या दोन्ही ठिकाणी हायड्रोजनची टाकी किंवा नळ नव्हता. जिथे टाकीभर हायड्रोजन वर्षानुवर्षे दाबाखाली राहणार आहे, तिथे काळजी किती घ्यावी लागेल हे यावरून कळते.

कार्बाइड म्हणजे काय

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. हा कार्बन लोखंडात सगळा विरघळून राहत नाही. धातू थंड होताना त्याचा काही भाग लोखंडाशी किंवा मिसळलेल्या इतर धातूंशी संयोग पावून वेगळा होतो आणि बारीक, कठीण कणांच्या रूपात बसतो. हेच कार्बाइड. घरी तूप कढवले की जे होते त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे. तूप सावकाश थिजले तर छान रवाळ होते, झटकन थंड केले तर रवा बारीक राहतो. पोलादातही किती तापवले, किती वेगाने थंड केले, पुन्हा किती वेळ ऊब दिली यावर कणांचा आकार आणि संख्या ठरते. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी देणारा लोहार न पाहता नेमके हेच सांभाळत आला आहे.

लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक यांचे सिमेंटाइट हे सर्वांत नेहमीचे कार्बाइड. साध्या पोलादात ते पातळ पापुद्र्यांच्या रूपात, लोखंडाच्या थरांबरोबर आलटून पालटून बसते. शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६३ मध्ये पोलादाचा तुकडा घासून, चकचकीत करून, सौम्य आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि धातूच्या अंतर्रचनेचा अभ्यास सुरू झाला. पुढे त्यांना हे थर दिसले. त्यांची चमक शिंपल्याच्या आतल्या अस्तरासारखी होती, म्हणून या रचनेला पर्लाइट हे नाव पडले. पोलाद तपासण्याची ही पद्धत, म्हणजे घासणे, कोरणे आणि पाहणे, आजही प्रत्येक धातू प्रयोगशाळेत चालते.

कार्बाइड जेव्हा भक्ष्य ठरते

हायड्रोजन आणि कार्बाइड यांच्या नात्याची पहिली मोठी किंमत खतनिर्मितीच्या उद्योगाने मोजली. फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करण्याची कृती शोधली, पण ती कारखान्यात उतरवण्याचे काम जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत कार्ल बॉश यांच्याकडे होते. सुमारे २०० वातावरणांचा दाब, ५०० अंश सेल्सियसच्या वरचे तापमान. पोलादी नळ्या साधारण ८० तास चालत आणि फुटत.

बॉश यांनी फुटलेल्या नळीचा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आतल्या बाजूचा पर्लाइट नाहीसा झाला होता. उष्ण हायड्रोजनने सिमेंटाइटमधला कार्बन ओढून घेतला होता आणि त्यापासून मिथेन वायू तयार झाला होता. मिथेनचा रेणू मोठा. तो हायड्रोजनसारखा निसटू शकत नाही. तो धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर अडकला, दाब वाढत गेला आणि आतून फटी पडत गेल्या. बॉश यांनी त्यावर दुहेरी नळीचा तोडगा काढला. आत जवळजवळ कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर, बाहेर दाब पेलणारे मजबूत पोलाद, आणि अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन साठू नये म्हणून बाहेरच्या पोलादाला बारीक भोके. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला आणि बॉश यांना पुढे १९३१ मध्ये नोबेल मिळाले. आज जगाचे पोट भरणाऱ्या नत्रखतांच्या मुळाशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला तो एक छेद आहे.

नंतर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेली पोलादे आली. या धातूंची कार्बाइड सिमेंटाइटपेक्षा चिवट असतात. हायड्रोजनला त्यातला कार्बन सहज सोडवता येत नाही. कोणते पोलाद किती तापमानाला आणि हायड्रोजनच्या किती दाबाला सुरक्षित, हे दाखवणारे आलेख शेल कंपनीचे जॉर्ज नेल्सन यांनी कारखान्यांतल्या अनुभवांवरून १९४९ मध्ये मांडले. ते 'नेल्सन वक्र' आजही तेलशुद्धीकरण उद्योगात वापरले जातात.

पण कागदावरची रेषा म्हणजे पोलादाच्या आतली स्थिती नव्हे. २ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ॲनाकॉर्टीस येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात साध्या पोलादाचे उष्णता विनिमयक फुटले आणि सात कामगारांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने केलेल्या तपासात कारण निघाले ते उष्ण हायड्रोजनचा हल्ला, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बॉश यांनी पाहिला तोच. साध्या पोलादासाठीच्या वक्रानुसार जी स्थिती सुरक्षित मानली जात होती, तिथेही नुकसान झाल्याचे मंडळाने नोंदवले. हे नुकसान बाहेरून दिसत नाही. सुरुवातीच्या फटी इतक्या सूक्ष्म आणि विखुरलेल्या असतात की नेहमीच्या तपासणीत त्या निसटू शकतात. म्हणूनच मंडळाचा भर अधिक तपासण्या करण्यापेक्षा मुळात जास्त टिकाऊ पोलाद वापरण्यावर होता.

हा धडा आपल्याला दूरचा नाही. भारतात आजही वर्षाला सुमारे ५० लाख टन हायड्रोजन वापरला जातो आणि तो मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांत. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्या आहेत, अलिबागजवळ थळला अमोनिया तयार होतो. हरित हायड्रोजनचे पहिले मोठे ग्राहकही हेच उद्योग असतील. तिथे काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हायड्रोजन हरित आहे की नैसर्गिक वायूपासून केलेला, याला महत्त्व नाही. पोलादावर दोघांचा परिणाम सारखाच.

कार्बाइड जेव्हा पहारेकरी होते

आता नाण्याची दुसरी बाजू. साध्या तापमानाला, जिथे मिथेन बनत नाही पण ठिसूळपणाचा धोका असतो, तिथे काही कार्बाइड पोलादाची मदत करू शकतात. व्हॅनेडियम, टायटॅनियम, नायोबियम यांसारखे धातू अल्प प्रमाणात मिसळले की त्यांचे अतिसूक्ष्म कार्बाइड कण तयार होतात. ते पोलादाला बळकटी देतातच, शिवाय हायड्रोजनचे फिरते अणू स्वतःपाशी अडकवून ठेवतात. अडकलेला अणू भेगेच्या टोकापर्यंत जाऊ शकत नाही.

यात कण बारीक असणे महत्त्वाचे. तेवढाच माल दहापट लहान कणांत वाटला तर कणांची संख्या हजारपट होते आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ दहापट. म्हणजे सापळे लावायला दहापट जागा. कण मोठे झाले की उलट त्रास, कारण मोठा कठीण कण स्वतःच भेगेची सुरुवात ठरू शकतो.

कल्पना चांगली होती आणि हायड्रोजन पोलादातून किती सावकाश बाहेर पडतो हे मोजून तिला आधारही मिळत होता. पण अणू नेमका कुठे अडकतो? कणाच्या आत, की कण आणि लोखंड यांच्या सीमेवर? कोणते कार्बाइड निवडायचे आणि किती आकाराचे घडवायचे हे या उत्तरावर अवलंबून होते. आणि हे पाहायचे कसे, हाच मोठा अडथळा होता.

साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीने ठरते; सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान गोष्टी त्याला स्पष्ट दिसत नाहीत. बर्लिनमध्ये मॅक्स नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारा सूक्ष्मदर्शक तयार केला आणि त्यातून पुढे काही नॅनोमीटरची कार्बाइड दिसू लागली. रुस्का यांना याबद्दल १९८६ मध्ये नोबेल मिळाले. परंतु हायड्रोजन त्यालाही दाद देत नाही. त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन. लोखंडाच्या भल्यामोठ्या अणूंच्या गर्दीत त्याची छाया पडत नाही.

मदतीला आले ते वेगळ्याच प्रकारचे यंत्र, ॲटम प्रोब. त्याचा इतिहास सुरू होतो अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात. तिथे अर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी ऑक्टोबर १९५५ मध्ये टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे सुटे अणू पाहिले. माणसाने पहिल्यांदा अणू पाहिला तो असा, आणि पाहणाऱ्या दोघांत एक भारतीय होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. म्युलर यांनी पुढे साठच्या दशकात त्याला अणूची ओळख पटवण्याची सोय जोडली.

आजच्या यंत्रात पोलादाची एक सुई घेतात, तिचे टोक साधारण १०० नॅनोमीटर रुंद. ती निर्वात कक्षात उणे २०० अंशांच्याही खाली थंड करून तिला काही हजार व्होल्टचा दाब देतात. मग विजेच्या किंवा लेसरच्या छोट्या ठोक्यांनी टोकावरचे अणू एकेक करून उडवतात. उडालेला अणू पडद्यावर कुठे आदळला यावरून त्याची मूळ जागा कळते आणि पोचायला किती वेळ लागला यावरून तो कोणत्या मूलद्रव्याचा हे कळते. कोट्यवधी अणूंची अशी नोंद झाली की संगणक त्यावरून त्या सुईचा त्रिमिती नकाशा उभा करतो. ज्याचे चित्र काढायचे त्याचेच कण कण करून काढलेले हे चित्र आहे.

हायड्रोजनच्या बाबतीत इथेही दोन अडचणी होत्या. यंत्राच्या पोलादी कक्षातच थोडा हायड्रोजन कायम असतो, त्यामुळे सापडलेला अणू नमुन्यातला की कक्षातला हे कळत नाही. शिवाय नमुना यंत्रात बसवेपर्यंत त्यातला हायड्रोजन निसटून जातो. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणून नमुन्यात हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम भरले जाते. तो हायड्रोजनचाच भाऊ, पण दुप्पट वजनाचा आणि निसर्गात दुर्मीळ, म्हणून ओळखू येतो. दुसरीसाठी नमुना ताबडतोब गोठवून, गोठलेल्या स्थितीतच यंत्रात नेतात.

जपानच्या निप्पॉन स्टीलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये टायटॅनियम कार्बाइडपाशी अडकलेला ड्युटेरियम या पद्धतीने दाखवला. मार्च २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम आणि नायोबियम यांच्या मिश्र कार्बाइडचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ड्युटेरियम कणांच्या पृष्ठभागावरच नव्हे, त्यांच्या गाभ्यातही सापडला. जानेवारी २०२० मध्ये सिडनी विद्यापीठाच्या यी-शेंग चेन, ज्युली केर्नी आणि सहकाऱ्यांनी नायोबियम कार्बाइडच्या बाबतीत तो कण आणि लोखंड यांच्या सीमेवर दाखवला. स्फटिकरचनेतल्या दोषांपाशी आणि स्फटिककणांच्या सीमांवर हायड्रोजन जमतो हेही त्यांच्या नकाशात दिसले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेद देत नाहीत. कार्बाइड कशाचे आणि केवढे, यावर सापळ्याची जागा बदलते, एवढाच त्याचा अर्थ. पोलाद घडवणाऱ्याला हीच माहिती हवी होती.

चित्र दिसले, पुढे काय?

अशा शोधांच्या बातम्या 'हायड्रोजनचा प्रश्न सुटला' या थाटात येतात. तसे मानणे घाईचे आहे, आणि त्याची कारणे याच कणांच्या स्वभावात आहेत.

पहिले कारण, सापळ्याची क्षमता मर्यादित असते. बोल्टमध्ये मुलामा देताना थोडासा हायड्रोजन शिरला असेल तर कार्बाइड तो कायमचा अडकवून ठेवू शकतात. पण वायुवाहिनीत हायड्रोजनचा पुरवठा कधी थांबत नाही. सापळे भरले की नवे अणू पुढे सरकू लागतात. तिथे कार्बाइडमुळे वेळ मिळतो, हायड्रोजनचा वेग घटतो. पूर्ण संरक्षण मिळत नाही.

दुसरे कारण, जोड. कारखान्यात काळजीपूर्वक घडवलेली कणरचना नळ जोडताना वेल्डिंगच्या उष्णतेने बदलते. जोडालगतच्या पट्ट्यात काही कार्बाइड विरघळतात, काही वाढून मोठी होतात, धातू कठीण होतो. नळाचे उत्तम पोलाद घेतले आणि जोड निष्काळजीपणे केला, तर हायड्रोजन जोडापाशीच वाट शोधतो.

तिसरे कारण प्रमाणाचे. पोलादाच्या एका घन मिलिमीटरमध्ये ॲटम प्रोबच्या एका नमुन्यापेक्षा एक लाख कोटीपट अधिक अणू असतात. एका सुईत जे दिसले ते शेकडो किलोमीटरच्या नळात सर्वत्र असेलच असे नाही. सूक्ष्मदर्शक नियम शोधून देतो. प्रत्यक्ष नळ मात्र दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये, कमी-जास्त होणाऱ्या भाराखाली तपासावाच लागतो, कारण अशा स्थितीत भेग हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने वाढते.

याचा अर्थ हायड्रोजन वाहून नेताच येत नाही असा नाही. अमेरिकेत सुमारे १,६०० मैलांच्या हायड्रोजन वाहिन्या अनेक वर्षे चालू आहेत. त्यांत तुलनेने कमी मजबुतीचे पोलाद, जाड भिंती आणि बेताचा, स्थिर दाब असे सावध गणित असते. हे गणित महाग पडते, पण ते चालते.

आपले निर्णय

आपल्याकडे गुजरातेत कवास येथे एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून घरगुती नळवायूत हायड्रोजन मिसळला जातो. सुरुवातीला आकारमानाने ५ टक्क्यांची परवानगी मिळाली आणि टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत जाण्याचा विचार आहे. घरापर्यंत येणाऱ्या वायूचा दाब अगदी कमी असतो आणि गल्लीतल्या जमिनीखालच्या बऱ्याच नळ्या पॉलिथिलीनच्या असतात, त्यामुळे पोलादाच्या ठिसूळपणाची चिंता स्वयंपाकघरात करण्याचे कारण नाही. ती करायची ती राज्याराज्यांतून जाणाऱ्या, जास्त दाबाच्या पोलादी वाहिन्यांबाबत. त्या नैसर्गिक वायूसाठी बांधल्या आहेत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रतीच्या पोलादात. त्यांत हायड्रोजन मिसळण्याआधी प्रत्येक टप्प्याचे पोलाद आणि त्याचे जोड तपासणे टाळता येणार नाही.

आणखी एक हिशेब इथे मांडायला हवा. त्याच आकारमानात हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या साधारण एक-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी त्यातून मिळणारी ऊर्जा ७ टक्क्यांच्या आसपासच भरते. तेवढ्या लाभासाठी जुन्या वाहिन्यांवर जोखीम घ्यायची, की हायड्रोजन जिथे लागतो त्या खत कारखान्याजवळच तयार करायचा, हा तांत्रिक तितकाच धोरणाचाही प्रश्न आहे. दुसरा पर्याय अनेक ठिकाणी शहाणपणाचा ठरेल.

वाहनांत दाब आणखी वाढतो. मोटारीच्या चाकात साधारण सव्वादोन बार दाबाची हवा असते. हायड्रोजनवरच्या वाहनाच्या टाकीत ३५० किंवा ७०० बार. पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजनवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झाली. अशा वाहनांच्या टाक्या कार्बन तंतूंच्या करता येतात, पण झडपा, जोडण्या आणि इंधन भरण्याच्या केंद्रातली यंत्रणा धातूचीच असते. रोज भरणे आणि रिकामे करणे म्हणजे रोज ताण देणे आणि सोडणे, आणि भेगेला नेमके हेच मानवते.

या सगळ्यावर देखरेख कोणाची? वायूचे सिलिंडर आणि दाबपात्रे यांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे 'पेसो'चे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. हायड्रोजनच्या काळात या संघटनेचे काम कित्येक पटींनी वाढणार आहे. तिला मनुष्यबळ, चाचणी केंद्रे आणि हायड्रोजनच्या दाबाखाली पोलाद तपासण्याच्या सोयी मिळाल्या तरच नियम कागदाबाहेर येतील. संशोधनाची सुरुवात देशात झालेली आहे. मद्रास आयआयटीत ॲटम प्रोबची राष्ट्रीय सुविधा आहे आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राला अणुभट्टीच्या पोलादातली कार्बाइड अभ्यासण्याचा दीर्घ अनुभव आहे. हे ज्ञान नळ बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत आणि वेल्डरच्या प्रशिक्षणापर्यंत पोहोचवायला हवे.

अभियानाच्या तरतुदीत १७,४९० कोटी रुपये उत्पादन आणि इलेक्ट्रोलायझर निर्मितीच्या प्रोत्साहनासाठी आहेत, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी आणि संशोधनासाठी ४०० कोटी. म्हणजे संशोधनाचा वाटा जेमतेम २ टक्के, आणि त्यात पोलादाला इतर अनेक विषयांशी वाटून घ्यावे लागणार. हायड्रोजन स्वस्त करण्यासाठी आपण जेवढे खर्च करतो त्याच्या तुलनेत तो सुरक्षित धरून ठेवण्यावर होणारा खर्च फारच थोडा आहे. हे प्रमाण बदलणे सरकारच्या हातात आहे.

म्हणून यापुढे आपल्या गावाजवळ हायड्रोजनचा प्रकल्प, वाहिनी किंवा इंधन केंद्र येणार अशी बातमी आली, तर किंमत आणि रोजगार यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. वापरलेले पोलाद हायड्रोजनमध्ये तपासले आहे का? त्याच्या जोडांची तपासणी झाली आहे का? आणि दर किती वर्षांनी ती पुन्हा होणार, कोण करणार? ॲनाकॉर्टीसच्या कामगारांना ज्या पोलादाजवळ उभे राहावे लागले, त्याच्या आत काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगू शकले नव्हते. आज ते पाहण्याची साधने आपल्याजवळ आहेत. ती वापरणे आता नियमाने बंधनकारक व्हायला हवे.